विसळण

पहाटे चारला मी हाडं उकळायला घालते.
सूप विकणाऱ्या बाईची होडी
तोन्ले सापवर कोंबड्याच्या आधी जागी होते.
नूडल्स, कांद्याची पात, लिंबाची फोड, मिरची.
वाटीला दोन हजार रिएल.
चवीचं विचारायचं तर हुअन आजोबांना विचारा,
दात नाहीत, तरी रोज दोन वाट्या.

आमचं गाव पाण्यावर.
शाळा पाण्यावर, डुकरांचा पिंजरा पाण्यावर,
पॅगोडा तेवढा खांबांवर.
जमीन मेल्यावर मिळते,
तीही पाणी उतरलेलं असेल तर.
घरोघरी मागच्या फळीत एक भोक
आणि पुढच्या फळीवर दोरी बांधलेली बादली.
मधे सात पावलं.
सात पावलं मला पुष्कळ वाटायची.

मालिस, माझी धाकटी, शाळेतून
तीन बाटल्या घेऊन आली. बोटाएवढ्या,
आत औषध लावलेला कागद.
पाणी भरायचं, उबेला ठेवायचं,
काळं पडलं तर वाईट, असं बाईंनी सांगितलेलं.
एक तिनं तळ्यातून भरली.
एक गाळणीच्या मडक्यातून.
तिसरी घेऊन माझ्या होडीत उतरली
आणि ज्या टोपात मी वाट्या विसळते
त्यात बुडवली.
अगं, ते धुवायचं पाणी आहे.
म्हणूनच, ती म्हणाली.

रात्रभर तिन्ही चुलीशेजारी, शाळेच्या सॉक्समध्ये गुंडाळून.
सकाळी मडक्याची तशीच, फिकट पिवळी.
तळ्याची करडी पडत चाललेली.
माझी
काजळ.
झाकण काढून वास घेतला.
घ्यायला नको होता.

त्या दिवशी मी गिऱ्हाइकं मोजली नाहीत, वर्षं मोजली.
अकरा.
दिवसाला चाळीस वाट्या, सगळ्यांना एकच टोप,
पाणी गढूळ दिसलं की बदलायचं,
नाही दिसलं तर नाही.
वर क्रामानं पुसायची, घासून घासून.
लोक म्हणायचे, वाटी चकचकीत असावी तर फालीची.

मागच्या उन्हाळ्यात तळं आटलं,
घरं एकमेकांना घासायला लागली,
तेव्हा चान्थूच्या पोराला जुलाब लागले. चार दिवस.
तिला मीच म्हटलं होतं, सूप दे, ताकद येईल.
रोज सकाळी एक वाटी, होडी तिच्या दाराला लावून.
पैसे घेतले नाहीत.
पाचव्या दिवशी तिनं हातानंच
नको म्हणून खूण केली.

आता माझ्याकडे तीन टोप.
पहिल्यात खरकटं, दुसऱ्यात साबण,
तिसऱ्यात उकळलेलं.
कोळसा वाढला, म्हणून वाटी अडीच हजार.
दोघी-तिघी पलीकडच्या होडीकडे वळल्या,
हुअन आजोबा आता एकच वाटी घेतात
आणि तीही पुरवून पुरवून.
वुथीनं मागच्या भोकाखाली
निळं पिंप बसवलं, त्याच्या पुढे
जलपर्णीचा वाफा, मुळं गाळून घेतील म्हणे.
गाव हसलं. वुथीची हगायची बाग!
तरी दोन घरांनी मापं नेली.
बासष्टांपैकी आम्ही धरून तीन.
बाकीच्यांचं भोक अजून भोकच,
आणि पाण्याला कुंपण घालता येत नाही.

वर्षातून एकदा आमची नदी उलटी वाहते.
आपण वाहून गेलं म्हणतो
ते ती दाराशी आणून ठेवते.
लहानपणी मला याची गंमत वाटायची,
चप्पल हरवली तर आई म्हणायची, थांब, येईल.

चान्थू अजून माझ्याचकडे येते.
आज तिनं विचारलं,
तिसऱ्या टोपातून वाफ कसली गं येते?
मी एक वाटी उचलली, पुसायला लागले.
कोरडीच होती.
पुसत राहिले.