सतरा नंबर

काडेपेटीहून थोडी मोठी, पांढरी,
कोपऱ्यात हिरवा ठिपका.
दर पाच मिनिटांनी एकदा लुकलुकते,
त्या क्षणाची ऊब पोटात टाकते
आणि पुन्हा मुकी.

अशा चाळीस डब्या मी सांभाळतो
रेझेक्ने नगरपालिकेच्या गृहखात्यात.
कुठे लावायच्या ते ठरलेले आहे:
छातीच्या उंचीवर, आतल्या भिंतीला,
रेडिएटरपासून लांब, उन्हापासून लांब,
टीव्हीच्या डोक्यावर तर मुळीच नाही.
आधी घड्याळ जुळवायचे,
नाहीतर मध्यरात्रीचा गारठा
दुपारच्या नावावर चढतो.

दर सप्टेंबरात मी स्वयंपाकघरात बर्फ कुटतो.
थर्मासात लगदा, वर थोडे पाणी,
डब्या पिशवीत बांधून बुडवतो, वाट पाहतो.
शून्य दाखवायला हवे.
सतरा नंबर सहा दशांश जास्त सांगते,
दरवर्षी तेवढेच.
पाठीवर तसे लिहून ठेवले आहे.
काही माणसांचे बोलणे नाही का आपण
थोडे वजा करून ऐकत?

तीच सतरा नंबर आनेले स्त्रोदांकडे गेली.
पाचवा मजला, कोपऱ्याचे घर,
दोन भिंती थेट वाऱ्याला.
कंपनीचे म्हणणे, घरात अठरा अंश आहेत.
आनेलेबाईंचे म्हणणे,
लोणी सुरीला दाद देत नाही.

तीन आठवड्यांनी केबल जोडली.
पडद्यावर रेघ उमटत गेली:
दिवसा तेरा, फार तर साडेतेरा,
आणि रात्री दहाला उभी चढण,
एकतीस, तेहतीस,
सकाळी सहाला कडेलोट.
आलेख कसला, हिवतापाचा तक्ता.

मी वर पाहिले. त्या बशी पुसत होत्या,
कोरडी झालेली बशी, पुन्हा पुन्हा.
"रात्री एकटीच लुकलुकत असते भिंतीवर.
थंडीत बॅटरी मान टाकते, तुम्हीच म्हणाला होतात.
म्हणून अंथरुणात घेते.
पायाशी नाही हो. कुशीत."

एकवीस रात्री पाण्यात.
सरासरी काढली तर साडेएकोणीस,
कंपनीने चौकटीत लावून मिरवली असती.
रागवायचे होते, पण चहा आला,
चहाबरोबर आंबटगोड काळा मुरंबा,
आणि तो खाताना रागवता येत नाही.

जाळीतली धूळ मऊ ब्रशने काढली.
फुंकर मारायची नसते, ओल जाते आत.
नाण्याएवढी बॅटरी बदलली,
जुन्या नोंदी पुसल्या, वेळ जुळवली,
डबी खिळ्याला परत.
मग पिशवीतून एकतीस नंबर काढली,
शरद ऋतूत जिन्यावरून पडली तेव्हापासून बंद.
"झोपताना ही घ्या," म्हटले,
"हिला काही आठवत नाही."

त्यांनी ती उलटीसुलटी केली, कानाशी धरली.
"ही तर मेलेली आहे."
"हो."
"मग हिला थंडी कशाची?"
आणि माझ्या हातावर परत ठेवली.

फेब्रुवारीत पुन्हा गेलो.
या वेळी रात्री रात्रीसारख्या होत्या:
बारा, साडेअकरा,
पहाटे चारला दहा पूर्णांक नऊ,
त्यातून सहा दशांश वजा.
कंपनीची माणसे गुरुवारी येतात म्हणे,
कोणत्या गुरुवारी ते ठरायचे आहे.

फक्त दहा वाजता, बहुतेक रात्री,
रेघेवर एक बारीक उंचवटा.
चार दशांश, कधी सहा,
पुढच्या नोंदीपर्यंत विरलेला.
एवढी ऊब चढायला
तोंड किती जवळ न्यावे लागते,
घरी एकवीस नंबरवर करून पाहिले.
चार बोटे. आणि नुसते श्वास सोडून भागत नाही,
काहीतरी बोलावे लागते.

अहवालात रकाना असतो:
अपवादात्मक नोंदी व त्यांचे कारण.
आधी लिहिले, शुभरात्री.
मग खोडून,
घरात माणूस होते.