सातशे फेरे

इंदोऱ्यात रात्रीचे दीड.
नवतपा लागून चौथा दिवस,
आणि भिंती दुपारचं ऊन आता सावकाश परत करतायत,
थोडं थोडं, हप्त्याने,
जुनी उधारी फेडणाऱ्या माणसासारख्या.

टेबलाखाली माझा कॅबिनेट.
पुढे तीन पंखे, मागे एक.
पोटात पुण्याच्या कुठल्याशा बिल्डरची बारा माळ्यांची इमारत
खिडकी-खिडकीने उजळतेय.
बाल्कन्यांत पडदे हलतात, खाली हिरवळ,
कुणालाच घाम नाही.
चित्रातली हवा एवढी गार दिसावी
म्हणून इथली तापवत बसते मी.

पंखे ओरडतात हे एक वेळ चाललं असतं.
पण एका सुरात ओरडत नाहीत मेले!
नऊशे, सोळाशे, परत नऊशे.
प्रोसेसर नुसता शिंकला
तरी चौघंही उठून धावतात
लग्नघरातल्या रिकामटेकड्या पाहुण्यांसारखे,
आणि पोचेपर्यंत शिंक संपलेली असते.

पलीकडे चार हातांवर आई.
सिस्टर खोब्रागडे, मेयोत तेहतीस वर्षं,
त्यातली निम्मी नाइट ड्यूटी.
कूलरच्या घरघरीला ती आवाज म्हणत नाही,
हवा म्हणते.
माझ्या पंख्यांना काय म्हणते, विचारलं नव्हतं कधी.
मीच ठरवलं, तिला त्रास होतो.

संध्याकाळी तिने कॅबिनेटच्या पत्र्यावर तळवा ठेवला होता,
कपाळावर ठेवतात तसा.
"किती आहे?"
"ब्याऐंशी."
तिने डोळे मिटून फॅरनहाइट केलं.
"एकशे ऐंशी! माणूस केव्हाच गेला असता बाप्पा."

मग मी रात्री उपचाराला बसले.
आधी जाळी काढली. तिच्यावर मे महिन्याची धूळ
गोधडीसारखी उलगडून आली.
कमाल चौकातल्या सायकलवाल्याकडून आणलेल्या
जुन्या ट्यूबचे तुकडे कापले,
प्रत्येक स्क्रूखाली एक,
म्हणजे पत्र्याने पंख्याची री ओढू नये.
मग पडद्यावर तो आलेख:
आडवा ताप, उभा वेग, मध्ये पाच ठिपके.
पन्नासपर्यंत कुणी हलायचं नाही.
साठला सातशे. पंचाहत्तरला हजार.
नव्वद झाले तर मग करा काय ती पळापळ.
आणि ताप चढला तरी आठ सेकंद थांबायचं.
आठ सेकंदांत पुष्कळ गोष्टी
आपापल्या उतरतात.

खोली चौतीस, तर पंखा तेहतीस आणणार कुठून?
तो गार करत नाही काही,
इथली गरमी तिथे नेऊन ठेवतो फक्त.
हे कळायला मला तीन उन्हाळे लागले.

दोन चाळीसला इमारत पुरी झाली.
आकडा उतरत गेला, साठ, त्रेपन्न,
एकोणपन्नासला चारही पंखे थांबले.
मी खुर्चीत मागे टेकले.
कूलर घरघरत होता, छताचा पंखा टकटकत होता,
गल्लीत एक कुत्रं स्वतःशीच भांडत होतं.
या एवढ्या गलक्यातून
जे वजा झालं ते आईने बरोबर ऐकलं.

"काय बंद पडलं?"
ती उठून बसलेली,
पाय चपला शोधत होते.
"काही नाही. मीच बंद केलं, तुला झोप यावी म्हणून."
तिने अंधारात माझ्याकडे पाहिलं.
"आवाज चालू असला की झोप येते, गं.
थांबला की उठावं लागते."

चपला सापडल्या होत्या.
ती आली, वाकली,
पत्र्यावर पुन्हा तळवा ठेवून उभी राहिली थोडा वेळ,
दुसऱ्या हातात घड्याळ नव्हतं एवढंच.

मी पहिला ठिपका
शून्यावरून वर ओढला.
मागचा एकटा पंखा, सातशे फेरे,
ऐकू आला तर येईल इतका.

ती परत जाऊन आडवी झाली.
आठ सेकंद मोजले मी.
घोरणं नवव्याला सुरू झालं.

नळ सहाला येतो.
त्याआधी कूलरची टाकी घासायची आहे.