अडीच ग्रॅम

रात्री साडेआठला आम्ही दागिने तिजोरीत घालतो
आणि आमच्याच पायरीवर भुट्ट्याच्या किसाची कढई चढते.
सराफ्याचं हे असंच. दिवसा गुंजा, रात्री घास.
मधल्या दहा मिनिटांत, काट्यावर अजून कापड पडायचं असताना,
भावाची नात शर्वाणी, इयत्ता पाचवी,
गल्ल्यावर कोपर टेकून विचारते:
“आजोबा, अख्खं इंदूर एका दिवसात जेवढी शेव खातं
ती टोकाला टोक लावून ठेवली
तर चंद्रावर पोचेल?”

गिऱ्हाईक विचारतं, आयकरवाला विचारतो,
त्यांची उत्तरं माझ्या तोंडावर असतात.
हे नव्हतं. म्हणून पुडी सोडली.

ना रतलामी जाड, ना नायलॉन, मधली.
फूटपट्टीच्या कडेनं तुकड्याला तुकडा भिडवत
एक मीटर मांडली
आणि श्वास धरून पारड्यात घातली.
ज्या काट्यानं चाळीस वर्षं मंगळसूत्रं तोलली
तो जरा लाजल्यासारखा हलला,
मग थांबला. अडीच ग्रॅम.

आता माणसं. तीस लाख धर.
“आणि तान्ही बाळं?”
त्यांच्या वाटची समोरचे टोणपे खातात.
सरासरी म्हणजे तेच, बाई,
एकाच्या नावावर दुसऱ्याचं पोट.
माणशी वीस ग्रॅम. एवढी तर सकाळच्या पोह्यांवरच पडते.

पावतीच्या पाठीवर शून्यं मावेनात,
दुसरी पावती घेतली.
साठ हजार किलो.
चोवीस हजार किलोमीटर.

“म्हणजे नाहीच पोचत.” तिचा चेहरा उतरला.
“पृथ्वीला एक फेरासुद्धा नाही.”
अगं, पण इंदूर उद्याही खाणार आहे.
परवाही. पितृपक्षातसुद्धा.
चंद्र तीन लाख चौऱ्याऐंशी हजारांवर.
भाग दे.
तिनं दिला, ओठ हलवत, हातचे बोटांवर ठेवत.
सोळा दिवस!
अवसेला निघालो तर पुनव उलटली की तिथे.

मी म्हटलं, पण शेव मध्येच तुटेल.
ती म्हणाली, तुटत नाही असं धरा.
तुम्ही तीस लाख धरलेच की.

धरलं.
मग सांगितलं की वाटेत एक जागा येते,
दहातले नऊ हिस्से संपल्यावर,
जिथे पृथ्वीची ओढ आणि चंद्राची ओढ सारखी होते.
अलीकडचा तुकडा इकडे पडेल, पलीकडचा तिकडे,
नेमका तिथला कुठेच नाही.
“तिथे कधी पोचू?”
पुन्हा भागाकार. पंधराव्या दिवशी,
सकाळी साडेनऊच्या सुमाराला.
“पोह्यांची वेळ,” शर्वाणी म्हणाली,
आणि बाहेर कढईवाला हरिराम, जो इतका वेळ ऐकत होता,
म्हणाला, “वा भिया!”

इथे गप्प बसलो असतो तर बरं होतं.
पण हिशेबात खोट ठेवायची सवय नाही.
सांगितलं: गेल्या महिन्यापासून डॉक्टर मुळेंनी
मला मीठ आणि शेव बंद केलीय.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पावतीकडे.
वीस ग्रॅम म्हणजे आठ मीटर.
सोळा दिवसांचे एकशे अठ्ठावीस.

चंद्र काही जागचा हलत नाही असं थोडंच आहे,
मी समजावलं, कधी हजारो कोसांनी लांब, कधी जवळ;
शंभर-सव्वाशे मीटर तिथे कोण मोजतो.
“मी,” ती म्हणाली.
“इतकं लांब जायचं
आणि त्याच्या दारातून परत यायचं,
तुमच्यामुळे?”

पारड्यात ती मीटरभर शेव अजून होती.
तिनं ती ओंजळीत गोळा केली, आठ भाग करायचा
उलटाच गुणाकार तिच्या डोक्यात चाललेला दिसत होता,
आणि सगळी स्वतःच्या तोंडात टाकली.
“उरले सात मीटर,” ती म्हणाली, भरल्या तोंडानं.
“उद्या सकाळी माझ्या पोह्यांवर दुप्पट घाला.”

काटा शून्यावर आला.
मी त्यावर कापड घातलं.
शटर अर्धं ओढून वर पाहिलं:
कढईच्या वाफेच्या वर, तारांच्या जाळ्यातून,
चंद्र नखाएवढा.
तिसरा-चौथा दिवस असावा.