सुविधा शुल्क

तुमच्या पुढे एक लाख बारा हजार सातशे माणसं आहेत,
असं मोबाइल म्हणाला.
रविवार, दुपारचे बारा. कुकरच्या दोन शिट्ट्या झालेल्या.
ऋजुता म्हणाली, बाबा, पान रिफ्रेश करू नका,
नंबर जाईल.

नंबराची आमच्या घराला सवय आहे.
सिडकोच्या सोडतीला वडील दिवसभर उभे होते,
पावती रुमालात, रुमाल मुठीत.
वाशीला खोली लागली तेव्हा त्यांनी चणे वाटले,
पेढ्यांचे पैसे अनामतीत गेले होते.

त्या खोलीत, नववीत असताना,
डिक्रूझचा टेप आणि आमचा टेप
समोरासमोर ठेवून, खिडक्या लावून, पंखा बंद करून
आम्ही तिघांनी श्वास धरला.
पंचेचाळीस मिनिटं एक बाजू.
तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात,
गिटार नुसती वर चढायला लागलेली,
तेवढ्यात ओट्यापाशी आई:
अरे, दूध उतू जातंय!

पुसता आलं नाही. दुसरी कॅसेट नव्हती.
पुढची सात वर्षं ते गाणं तसंच ऐकलं,
शब्द देवनागरीत लिहून पाठ केले,
निम्मे चुकीचे निघाले, ते नंतर कळलं.
आईच्या ओळीत मात्र एक अक्षर चुकलं नव्हतं.

आता ते येतायत. नेरुळला.
पाचांतला एक गेला, एकाला डाव्या कानाने ऐकू येत नाही,
गाणारा अठ्ठ्याहत्तरचा.
शेवटचा दौरा.
हा त्यांचा तिसरा शेवटचा.

माझा नंबर चार वाजून दहा मिनिटांनी आला.
छत्तीस हजार पाचशे. उभं राहायचे.
बसायचे विचारू नका.
वर सुविधा शुल्क (कुणाची सुविधा, ते लिहिलेलं नाही),
त्यावर कर.
निर्णयाला आठ मिनिटं, कोपऱ्यात उलटा पळणारा काटा.

वडिलांची अख्खी खोली, मोरीसकट,
एकोणचाळीस हजारांना पडली होती.
ती फेडायला त्यांना चौदा वर्षं दिली होती.

बाबा, घ्या हो, ऋजुता म्हणाली, मी अर्धे देते.
मी काट्याकडे बघत बसलो.
तत्त्व वगैरे काही नाही.
मार्चमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन आहे, बस.
काटा शून्यावर आला आणि पान म्हणालं, क्षमस्व,
फारच अदबीने.

कार्यक्रमाच्या दिवशी तांडेलचा फोन.
पद्माकर तांडेल, करावे गाव,
डिक्रूझच्या टेपचं बटण दाबणारा तिसरा तो.
म्हणाला, घराभोवतीच्या जागेत गाड्या लावून घेतोय,
पोरगा आजारी पडलाय, टॉर्च धरायला ये.
एका गाडीचे किती?
गेल्या वेळी तीनशे, आज हजार, तो म्हणाला, आणि हसला,
आपल्या म्हाताऱ्यांनी वाढवले,
मी का मागे राहू?

साठ गाड्या लावल्या. शेवग्याखाली सुद्धा एक.
आठला तिकडे उजेड उठला, खाडीवरचे बगळे उडाले.
खरं सांगायचं तर काही नीट ऐकू आलं नाही.
वारा उलटा होता. नुसता ढोल,
तोही पायातून, जमिनीतून,
जी जमीन कधी तांडेलच्या आजोबांची भातखाचरं होती,
हे तो सांगत नाही, मीच आठवतो.

मग एकदम वारा पडला
आणि ते आलं. तिसरं गाणं.
सुराने थोडं खाली उतरवलेलं, म्हातारपणाला जमेल असं.
तांडेलने हिशोबाची वही मिटली.
पहिलं कडवं. दुसरं.
गिटार चढायला लागली,
आम्ही दोघं थांबलो, त्या जागेची वाट बघत,

आणि ती जागा रिकामीच निघून गेली.
चाळीस हजार माणसांत
कुणालाही दुधाची आठवण नव्हती.

तेवढ्यात फाटकाशी एक उशिरा आलेली पांढरी गाडी,
आत मनगटाला चमकते पट्टे बांधलेली चार पोरं,
काका, जागा आहे?

आहे, म्हटलं.
टॉर्च वर केला, हात हलवायला लागलो.
या.
मागे घ्या. मागे.
अजून मागे.
अजून थोडं.