खंड

कोर्टाच्या आवारात, लिंबाखाली, बिराजदारांचं टेबल.
एक पाय आखूड, त्याखाली विटेचा तुकडा.
कीबोर्डकडे न बघता ते टाइप करतात:
मी, नागमणी व्यंकटेश मेरगू, वय वर्षे एकोणतीस,
धंदा...
इथं बोटं थांबतात. माझ्याकडे न बघताच
ते घरकाम लिहून टाकतात.

बी.एस्सी. नर्सिंगच्या फॉर्मला
बारावीनंतरची अकरा वर्षं कुठं गेली
याचा कागद लागतो.
कॅफेतला पोरगा म्हणाला, गॅप आहे ताई तुमचा,
आणि दोन बोटांत फट धरून दाखवली,
दार नीट लागत नसलं की दिसते तेवढी.

"सदर कालावधीत मी कोणत्याही संस्थेत
कोणतेही शिक्षण घेतलेले नाही."
बिराजदार वाचून दाखवतात. बरोबर ना?

नायना सोळा तास मागावर असायचे.
चार मागांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही,
तिथं सगळे ओठांवरून बोलतात.
डबा घेऊन जायचे मी, तेव्हाच शिकले ते.
म्हणून लकव्यानं त्यांचा आवाज नेला
तेव्हा घरात फक्त मला कळायचं
पाणी म्हणतायत की पाणी नको म्हणतायत.

दर दोन तासांनी कूस बदलायची.
माकडहाडावर रुपयाएवढी लाल जागा दिसली
की तिच्यावर भार येऊ द्यायचा नाही.
नळीतून पेज सोडण्याआधी नळी पोटातच आहे ना, बघायचं.
हे सिव्हिलमधल्या वाघमोडे सिस्टरनी शिकवलं,
बहुतेक ओरडूनच.
मग घरकुलातल्या बायका यायला लागल्या,
कुणाच्या सासूची जखम, कुणाच्या नवऱ्याची साखर.
मला वाटलं, येतं आपल्याला.

तार तुटली की नायनांना पाठमोरं असताना कळायचं,
चारातला कुठला माग, तेसुद्धा. आवाज बदलतो म्हणायचे.

त्या रात्री त्यांच्या श्वासाचा आवाज बदलला होता.
मी ऐकला.
कफ असेल म्हणून उशी उंच केली, दिवा मालवला.

हे या कागदावर कुठं बसत नाही.
बरोबर आहे, मी म्हणते. नाही घेतलं शिक्षण.
शिक्का बसतो. निळी शाई माझ्या अंगठ्यालाही लागते.

अशोक चौकातल्या कॅफेत पंखा गरम वारा फिरवतो.
नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं:
मेरगू, मेर्गु, मेरूगु.
पोरगा म्हणतो, एकच बाई आहे ना? मग चालतंय.
प्रतिज्ञापत्राची फाईल मात्र मोठी झाली.
तो ती दाबून दाबून बारीक करतो,
अक्षरं धुरकट होतात, शिक्का तेवढा दिसतो.

ओटीपी पाठवलाय, तो म्हणतो. साठ सेकंद.

नंबर नायनांचा आहे.
दोन वर्षं झाली, आम्ही अजून रिचार्ज मारतो.
तो फोन घरी, विड्यांच्या सुपाशेजारी.
मी चिप्पाकाकूंना फोन लावते, अम्माला द्या, पटकन, पळा.
पायांचा आवाज. पत्र्याचं दार. कात्री खाली ठेवल्याचा आवाज.
अम्माला अक्षर येत नाही,
आकडे येतात. कारखान्यात हजार विड्या मोजून देताना
तिला कुणी फसवू शकलेलं नाही.

मूडु, ती म्हणते. ऐदु. सुन्ना.
तीन, पाच, शून्य, मी पोराला सांगते.
पुन्हा सुन्ना?
नीट बघ अम्मा.
बघितलं, ती म्हणते, पुन्हा सुन्ना. मग नालुगु.
बारा सेकंद राहिलेत.
आणि शेवटचा?
ती चष्मा शोधतेय.