उणे ऐंशी

आधी मांस खरवडायचं.
पातं कसं धरायचं ते मला शिकवावं लागलं नाही,
वेंगुर्ल्याच्या बंदरावर तांबोशीची खवलं काढणाऱ्या बाईची मी मुलगी.
मग करवत. सुपारीएवढे तुकडे.
मग कोमट पाण्याचा फवारा, हाडाच्या जाळीजाळीतून,
पाणी नितळ येईस्तोवर.
चरबी सुटते. तिच्या वासाबद्दल घरी बोलत नाही.
मग पेरॉक्साइड. फेस चढतो,
भरतीला खडकांत अडकतो तसा,
आणि तसाच बसत बसत विरतो.
मग स्पिरिट. मग पुन्हा पाणी.

बाबा शिंपले भाजायचे.
मुळे, तिसऱ्या, कालवांची खापरं, सगळं एका भट्टीत;
सकाळी पांढरं निघायचं, त्यावर पाणी मारलं की चुना उकळायचा.
इथे जाळायचं नाही.
इथे हाडाला हाड राहू द्यायचं
आणि बाकीचं काढून घ्यायचं:
रक्त, मज्जा, नाव.

पाटीवर 'अस्थिपेढी' लिहिलंय.
रिक्षावाला अजून विचारतो, विसर्जन खय करतास?

चारशे सतरा नंबर
दुपारच्या एसटीनं आला.
सत्यभामा खवणेकर, वय एकाहत्तर, नवा खुबा, हातात काठी.
जुन्या खुब्याचा गोळा तिनं आम्हाला दिला होता,
आणि जिवंत माणसानं दिलेलं हाड
सहा महिने उणे ऐंशीत थांबतं,
त्याचं रक्त दुसऱ्यांदा तपासेपर्यंत.
वादळात तीन रात्री वीज नव्हती;
मी जनरेटरपाशी खुर्ची टाकून बसले होते.
हे तिला सांगितलं नाही.

सुई टोचताना तिनं विचारलं,
"माझा हाड खय आसा गो बाय?"
त्या दारामागे, म्हटलं. तुमचीच वाट बघतंय.
"कोणाक देतलास?"
ते सांगता येत नाही. खरं तर मलाही कळत नाही.
ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली,
होडी परतायची असली की बघतात तशी.
मग म्हणाली,
"जेका बसवतलास तेका सांग,
चाळीस वर्सा म्हावऱ्याची पाटी घेवन चलला हा ता.
चढाक कायएक नाय.
उतारार संबाळ म्हणान सांग."

रिपोर्ट स्वच्छ आला.
आज चारशे सतरा घेतला.
गोळ्याची एक बाजू घासून गुळगुळीत,
पायरीचा दगड मधोमध झिजतो तशी;
दुसरी बाजू अजून खरखरीत, कोवळी म्हणावी अशी.
मी दोन्ही बाजूंचे तुकडे केले. निवड करायची नसते.
गोठवून सुकवले, तीन पिशव्यांत बंद केले.
उद्या पेटी किरणांसाठी जाईल,
पिशवीवरचा पिवळा ठिपका तांबडा होऊन येईल.
लेबलवर रकाने आहेत: नंबर, तारीख, आकार, बॅच.
उताराचा रकाना नाही.

जाताना तिनं टेबलावर गोलम्याची पुडी ठेवली होती.
घ्यायची परवानगी नाही. घेतली.
आत जाण्याआधी तीनदा हात धुतले, कोपरापर्यंत,
ब्रशनं, घड्याळ लावून.
हातमोज्यांच्या आत तरी
दिवसभर सुकी सुंगटं वासत होती.