चाकामागचा दगड

काम काही नव्हतं, हे आधीच सांगतो.
हिलालने लिलावात पाटबंधारे खात्याची जीप घेतली,
दारावरचं सरकारी नाव खरवडलं,
तरी तिरप्या उन्हात ते वाचता यायचं.
ही चांदसैलीचा घाट चढते का, एवढंच त्याला बघायचं होतं.
आणि मला, शहाद्यात चष्मे विकणाऱ्याला,
सहा मीटरवरच्या पाटीपलीकडचं काहीतरी.
दंगलकडे कळण्याच्या भाकरी नि ठेचा होता,
म्हणून दंगल.

तळोद्यापर्यंत पपईचे मळे,
वर्तमानपत्रात गुंडाळलेली फळं,
रस्ता सरळ, आम्ही बोलके.
कोठार मागे पडलं
आणि सातपुड्याने एकेक वाक्य
आमच्या तोंडातून काढून घेतलं.

पहिलं वळण. दुसरं.
तिसऱ्यावर इंजिन खोकलं आणि गप्प झालं.
उजवीकडचा कठडा गेल्या पावसाळ्यात खाली गेलेला,
त्याच्या जागी चुना फासलेली दोन ड्रमं,
आणि ड्रमांपलीकडे नुसती हवा.
जीप मागे सरकू लागली.
हातभर. दीड हात.
दंगलने डबा छातीशी धरला.
मी डोळे मिटले. माझ्या धंद्याला शोभत नाही,
पण मिटले.

खट्.

चाकामागे कुणीतरी दगड लावला होता.

कुणीतरी म्हणजे सायसिंग पावरा.
पिशवीत बाजारचं मीठ, साबण,
एका चपलेला तारेचा अंगठा.
"मघापासून मागेच चालतोय," म्हणाला,
"आवाजावरून कळलं, ही थांबणार."

मग कुणी न ठरवताच ठरलं:
जीप वीस हात चढायची, दमायची,
सायसिंग दगड लावायचा,
हिलाल रेडिएटरला पाणी आणि आम्हाला शिव्या द्यायचा,
पुन्हा वीस हात.
"आते काय व्हई भो?"
"काय व्हई? चढी!"
पण गिअरवरचा त्याचा हात
वाऱ्यातल्या पानासारखा नाही,
आजारी माणसाच्या हातासारखा थरथरत होता.
दुसऱ्या चाकाला मीही एक दगड उचलला.
सायसिंग हसला, "हा सायकलीचा."
मी मोठा घेतला.

माथ्यावर पोचलो तेव्हा
मोहाखालची जमीन फुलांनी पिवळसर,
आणि खाली खानदेश:
केळीचे हिरवे तुकडे, कारखान्याचं एक धुराडं,
पार तिकडे तापी,
माझ्या पाटीवरच्या शेवटच्या ओळीइतकी बारीक.
वाचता आली.

रस्त्याकडेला दगडांचा ढीग होता.
दंगलने हात जोडले.
"देव नाही," सायसिंग म्हणाला, "चाकांचे आहेत.
चढणारे इथवर आणून टाकतात.
उतरणाऱ्याने एक खाली न्यायचा,
अवघड जागी ठेवायचा.
नाहीतर सगळे दगड वर
आणि खाली अडलेल्याच्या हाताशी काही नाही."
एक निवडून त्याने माझ्या मांडीवर ठेवला.
"सिताफळीपाशी रस्ता दुमडतो, तिथे."
आणि पाड्याच्या पायवाटेने गेला,
भाकरीला थांबला नाही.

धडगावकडचा उतार,
ब्रेकचा जळका वास,
कौलांवर वाळत घातलेल्या कैऱ्यांच्या फोडी,
बकऱ्यांमागची एक पोर आमच्याकडे बघून ओरडली, काय ते कळलं नाही.
आम्ही पुन्हा बोलायला लागलो होतो.
मोठमोठ्याने.
सिताफळ कधी गेलं?

परतताना हिलालने मोलगीवरून लांबची वाट धरली.
घाट चढल्याचं त्याने गावात अकरा जणांना सांगितलं,
सायसिंगचं तिघांना.

दगड आता दुकानात, बिलांवर.
गिऱ्हाईक विचारतं, कुठल्या देवाचा?
मी म्हणतो, डावा डोळा झाका,
खालून दुसरी ओळ वाचा.
ते वाचत असतात
आणि मला मागे सरकणारं एक चाक ऐकू येतं,
हातभर,
दीड हात.

रविवारी जायचंय.
हिलालला अजून विचारलेलं नाही.